यंत्र बंद, कपाट बंद आणि आपली भाषणे चालू

मुस्लिम मराठी साहित्याचे कोणतेही व्यासपीठ घ्या, मोहल्ल्यातला जलसा घ्या, की शाळेचे स्नेहसंमेलन घ्या. एक वाक्य हमखास कानावर पडते. ‘आमचा इतिहास पुसला गेला.’ वक्ता आवाज चढवतो, टाळ्या पडतात, अध्यक्ष मान डोलावतात आणि जेवणाची सुट्टी होते. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून हे वाक्य आपल्या सोबत आहे. ते निखालस खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. शेख महंमद श्रीगोंदेकर, शाहीर सगनभाऊ, शाहीर अमर शेख ही नावे एका दमात घेऊन झाली की मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला मुसलमान बहुधा संपतो, ही वस्तुस्थिती आहे. पण ‘पुसला गेला’ असे म्हणणाऱ्याने आधी पाटी तरी पाहिलेली असावी लागते. ती किती जणांनी पाहिली?

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि मराठीत लिहितो. म्हणून आमचे म्हणणे दोन्ही बाजूंना कडू लागेल, पण ते मांडणे भाग आहे. पुसलेला इतिहास आणि न वाचलेला इतिहास यांत फरक आहे. आपल्या इतिहासाचा मोठा भाग पुसलेला नाही. तो पंधरा-वीस पटींनी लहान करून, ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर उतरवून, पुठ्ठ्याच्या डबीत घालून लोखंडी कपाटात ठेवलेला आहे. तिला मायक्रोफिल्म म्हणतात. ती वाचण्याचे यंत्र विद्यापीठाच्या ग्रंथालयात असते आणि ते बहुतेक वेळा बंद असते. ते बंद ठेवणारे दोषी आहेतच. पण ते चालू करा, असे सांगायला एकदाही काउंटरवर उभे न राहता वर्षानुवर्षे भाषणे ठोकणारेही तितकेच दोषी आहेत. हा लेख दोघांच्याही विरुद्ध आहे.

सनद कुठे आहे?

आपल्या परंपरेला पुरावा ही काही परकी वस्तू नाही. हदीस जमा करणाऱ्यांनी ‘तुला हे कोणी सांगितले, त्याला कोणी सांगितले’ ही साखळी तपासल्याशिवाय एक वाक्य स्वीकारले नाही. इमाम बुखारींसारखे विद्वान त्यासाठी गावोगाव, देशोदेशी फिरले. सांगणारा विश्वासू होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, तो ज्याचे नाव सांगतो त्याला खरोखर भेटला होता का, याची छाननी करणारे एक शास्त्रच आपल्याकडे उभे राहिले. त्या शास्त्राचे वारसदार आज काय करतात? मोबाइलवर आलेला मजकूर पुढे ढकलतात. त्याला ना सनद, ना तारीख, ना लिहिणाऱ्याचे नाव.

याची किंमत काय पडते ते फातिमा शेख प्रकरणात दिसले. सावित्रीबाई फुल्यांची ही सहकारी शिक्षिका आमच्या पेशाची, म्हणून आम्हांला अधिक जवळची. ९ जानेवारी २०२२ रोजी गूगलने तिचे चित्र आपल्या मुखपृष्ठावर झळकवले आणि गावोगावच्या शाळांत तिची जयंती सुरू झाली. त्या तारखेला समकालीन कागदाचा आधार कोणता, हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही. मग जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने समाजमाध्यमावर जाहीर केले की हे पात्र आपणच रचले. एकच गदारोळ झाला. ज्यांना ती नकोच होती त्यांना आनंद झाला. ज्यांना ती हवी होती त्यांनी शिव्यांनी उत्तर दिले.

उत्तर शिव्यांत नव्हते, कागदात होते. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचे नाव आहे. आपण आजारपणामुळे नायगावला असताना शाळेच्या कामाचा भार तिच्यावर पडला असेल, अशी काळजी त्यात आहे. अभ्यासकांनी हे पत्र दाखवले आणि ‘पात्र रचले’ हा दावा तिथेच कोसळला. पण पुढचा प्रश्न उरतो आणि तो आपल्यासाठी आहे. एका पत्रातल्या एका नावापलीकडे फातिमाबद्दल आणखी काय सापडू शकते, याचा शोध आपल्यापैकी किती जणांनी घेतला? अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघत होते. मिशनऱ्यांना मुलींच्या शाळांत रस होता आणि आपल्या कामाचे अहवाल बोस्टनला लिहून पाठवायची सवयही होती. त्या अमेरिकन बोर्डाची कागदपत्रे मायक्रोफिल्मवर आहेत, शेकडो रिळे. त्यांत फातिमा सापडेलच असे वचन आम्ही देत नाही. पण न शोधता तिची जयंती साजरी करणारा आणि न शोधता तिला खोटी ठरवणारा, हे दोघे एकाच पंगतीत बसतात, एवढे मात्र ठामपणे म्हणतो.

कपाटात नेमके काय आहे?

ही फिल्म काय चीज आहे ते थोडक्यात सांगतो. १८३९ मध्ये मँचेस्टरच्या जॉन बेंजामिन डान्सरने सूक्ष्म छायाचित्रे काढून दाखवली. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला तेव्हा फिल्मवर लहान केलेली पत्रे कबुतरांच्या शेपटीच्या पिसांना बांधून शहरात पाठवली गेली. १९३५ पासून अमेरिकेत न्यूयॉर्क टाइम्सचे अंक फिल्मवर घेणे सुरू झाले आणि मग जगभरच्या ग्रंथालयांनी हा मार्ग धरला. कारण सरळ आहे. वृत्तपत्राचा कागद स्वस्त असतो. पिवळा पडतो, मग तपकिरी होतो आणि बोट लावताच तुकडे पडतात. रिळावर तेच अंक मुठीत मावतात. मायक्रोफिश ही तिचीच बहीण. पोस्टकार्डाएवढी, १०५ गुणिले १४८ मिलिमीटरची पारदर्शक चकती. एका प्रचलित मापात तिच्यावर ९८ चौकटी बसतात. वरच्या कडेला पुस्तकाचे नाव साध्या डोळ्यांनी वाचता येते, बाकी सगळे यंत्राखाली.

आता आपल्या मतलबाचे. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचे दिल्लीतील कार्यालय कित्येक दशके भारतीय नियतकालिके जमवत आले आणि त्यांच्या फिल्म करत आले. शिकागोत १९६७ मध्ये दक्षिण आशियाई मायक्रोफिल्मांसाठी विद्यापीठांची एक सहकारी योजना उभी राहिली. साहित्य अकादमीने १९०१ ते १९५३ या काळातील भारतीय भाषांतल्या पुस्तकांची राष्ट्रीय ग्रंथसूची केली होती. तिच्यातील हजारो पुस्तके, मराठी आणि उर्दूही, मायक्रोफिशवर उतरवली गेली. दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातील ग्रंथालयात, जे २०२३ पर्यंत नेहरूंच्या नावाने ओळखले जाई, वृत्तपत्रांच्या रिळांचा प्रचंड साठा आहे. म्हणजे तुमच्या आजोबांनी विकत घेतलेले आणि तुमच्या वडिलांनी रद्दीत घातलेले पुस्तक शिकागोच्या विद्यार्थ्याला वाचायला मिळते. याला पुसणे म्हणत नाहीत.

हैदराबादचे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. अब्दुस्समद खान नावाच्या एका माणसाने आयुष्यभर उर्दू पुस्तके आणि नियतकालिके जमवली. त्या संग्रहासाठी धावून कोण आले? शिकागो विद्यापीठ आणि त्याच्यासोबतच्या परदेशी विद्यापीठांचा गट. तो ठेवायला जागा कोणी दिली? कम्युनिस्ट नेते पुचलपल्ली सुंदरय्यांच्या नावाच्या विज्ञान केंद्रमने. ऑगस्ट २००० च्या पुराने त्या संग्रहाचे नुकसान केले तेव्हा एकाच गोष्टीचा दिलासा होता: जे पूर आधी फिल्मवर गेले होते त्याला पाणी लागणार नव्हते. उर्दूच्या नावाने मुशायरे भरवणाऱ्या, उर्दूच्या नावाने मते मागणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी या गोष्टीवर जरा विचार करावा.

भाषांतरकाराच्या चाळणीतून आलेला मुसलमान

यापेक्षा गंभीर बाब पुढे आहे. मुंबई इलाख्यात १८६८ पासून सरकार देशी वृत्तपत्रांचा गोपनीय अहवाल तयार करत असे. मराठी, गुजराती, उर्दू पत्रांतले सरकारला महत्त्वाचे वाटणारे उतारे इंग्रजीत करून साहेबांच्या टेबलावर ठेवायचे, हे त्याचे काम. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या मुसलमानांवर जे जे इंग्रजीत लिहिले गेले आहे, त्यातला मोठा भाग या अहवालांच्या रिळांवर उभा आहे. ‘कश्फुल अखबार’ काय म्हणाले? अहवाल सांगतो. ऑगस्ट १८९३ च्या मुंबईच्या दंगलीबद्दल मुसलमानांची पत्रे काय म्हणत होती? अहवाल सांगतो.

पण अहवाल कोणासाठी होता? राज्यकर्त्यांसाठी. त्यांना राजद्रोह, दंगल, गोवध, मशिदीपुढचे वाद्य हवे होते. त्याच अंकातली मुलींच्या मदरशाची बातमी, विणकरांच्या मजुरीची तक्रार, नव्या पुस्तकाचे परीक्षण, विधवेच्या मेहरचा वाद यांच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्या भाषांतरकाराच्या चाळणीतून जो मुसलमान खाली पडला तो सदा भडकलेला, सदा दुखावलेला, सदा धर्माबद्दलच बोलणारा. आज वर्तमानपत्र उघडल्यावर जो मुसलमान भेटतो, त्याचा हा पणजोबा. त्याला खोटा ठरवायचा एकच मार्ग आहे: मूळ उर्दू अंक, मूळ मराठी अंक वाचणे. आणि मूळ अंक वाचायला उर्दू यावी लागते, मराठी यावी लागते आणि रीळ यंत्रावर चढवता यावे लागते.

‘मशीन बंद आहे’

आता विद्यापीठात चला. आम्ही ज्या ग्रंथालयाबद्दल बोलतो आहोत त्याचे नाव घेत नाही. नाव घेतले तर इतर सगळी सुटतील. आधी दारात ओळखपत्र. आपण संशोधक विद्यार्थी आहात का? मार्गदर्शकांचे पत्र आहे का? नाही, शाळेत शिकवतो, बी.एड. आहे. मग काउंटरमागच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट भाव येतो. शाळामास्तराला, त्यातही उर्दू शाळेच्या मास्तराला, जुन्या वृत्तपत्रांशी काय काम? मुख्याध्यापकांचे पत्र आणा. पत्र आणले की विभागप्रमुख रजेवर. विभागप्रमुख आले की किल्ली दुसऱ्याकडे. किल्ली मिळाली की शेवटचे वाक्य: मशीन बंद आहे.

काय बिघडले, विचारा. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच: बल्ब गेला. एक दिवा! हजारो पानांचा इतिहास एका गेलेल्या दिव्यामुळे वाचता येत नाही आणि दिव्याची मागणी खरेदी विभागात फिरते आहे. पुस्तकावर बंदी घालायला सरकारला आदेश काढावा लागतो, राजपत्रात छापावा लागतो, कोर्टात जाब द्यावा लागतो. इथे काहीच करावे लागत नाही. दिवा बदलायचा नाही, बस्स. आम्हांला यात कट दिसत नाही. कट करायला आस्था लागते. ही निव्वळ बेपर्वाई आहे, आणि तिची झळ त्यालाच बसते ज्याच्याकडे शिकागोचे तिकीट नाही.

यंत्राचा बाऊही उगाच केला जातो. तज्ज्ञ लागतो म्हणे. काय लागते ते ऐका. डबीवरचे नाव आणि तारखा पाहा. रीळ डाव्या कांडीवर बसवा, फिल्मचे टोक छोट्या रुळाखालून घ्या, काचेच्या दोन पट्ट्यांमधून सरकवा आणि उजवीकडच्या रिकाम्या रिळात अडकवून दोन फेरे द्या. दिवा लावा. अक्षर आडवे दिसले तर लेन्स फिरवा, पुसट दिसले तर फोकस जुळवा. सुरुवातीच्या चौकटीत पत्राचे नाव, काळ आणि न मिळालेले अंक लिहिलेले असतात. त्या आधी वहीत उतरवा. वेगाने पुढे जायचे असेल तर काच वर उचलली गेली आहे ना ते पाहा, नाहीतर फिल्मवर ओरखडे उठतात. दिव्याला उघडे बोट लावू नका. बोटाच्या तेलाने तो लवकर फुटतो. फिल्म कडेला धरा. मायक्रोफिश असेल तर काचेच्या तबकात ठेवा आणि लक्षात असू द्या की तबक एका बाजूला सरकवले की चित्र दुसऱ्या बाजूला पळते. संपले. शिवणयंत्रात दोरा ओवणाऱ्या आमच्या मोहल्ल्यातल्या कोणत्याही बाईला हे पंधरा मिनिटांत जमेल.

पुढचे काम मात्र तज्ज्ञाचेच आहे आणि तो तज्ज्ञ विद्यापीठाकडे नाही. उर्दू पत्र उजवीकडून उघडते. दोन पाने एका चौकटीत असतील तर उजवे आधी वाचायचे. फिल्म अनेकदा उलट्या छायेची असते, काळ्यावर पांढरी अक्षरे. जुने उर्दू पत्र खिळ्यांनी छापलेले नसते. ते कातिबाने हाताने लिहिलेले आणि दगडावरून उठवलेले असते. त्यात ‘हे’च्या डोक्यावर धुळीचा एक कण बसला तर त्याचा ‘खे’ होतो, पोटात बसला तर ‘जीम’ होतो. इथे भलेभले विद्वान अडखळतात. आमच्या आठवीतल्या मुली अडखळत नाहीत, कारण त्या नुक्ता मोजत बसत नाहीत, वाक्य वाचतात. ही पात्रता ज्या समाजाकडे आहे, त्याच समाजाला काउंटरवर ‘आपले काय काम’ म्हणून विचारले जाते, हे कशाचे द्योतक आहे?

‘आता सगळे ऑनलाइन आहे’

हा युक्तिवाद ग्रंथपाल करतात, कुलगुरू करतात आणि आता आपली तरुण मुलेही करतात. यंत्र भंगारात काढा, रिळे तळघरात टाका, संगणकावर सगळे आहे.

सगळे नाही. रेख्ता फाउंडेशनने २०१३ पासून उर्दू पुस्तके आणि मासिके घरबसल्या उपलब्ध केली. देशी वृत्तपत्रांच्या सरकारी अहवालांचाही बराच भाग संगणकावर आला. या कामाबद्दल आम्ही ऋणी आहोत. पण मुंबईच्या, मालेगावच्या, हैदराबादच्या उर्दू दैनिकांच्या वर्षानुवर्षांच्या सलग फायली ही वेगळी गोष्ट आहे. आणि जे आले आहे त्यातही शब्द टाकून शोध घ्यायला जा. इंग्रजी सापडते, कारण छापील इंग्रजी अक्षर संगणकाला ओळखता येते. कातिबाच्या हातची नस्तालीक त्याला अजून धडपणे वाचता येत नाही. नस्तालीक संगणकावर आली तीच मुळात १९८१ मध्ये, नूरी नस्तालीकच्या रूपाने. त्याआधीचे बहुतेक सगळे हातचे. परिणाम काय होतो? शोध घेणाऱ्याला सरकारी भाषांतरकाराचे इंग्रजी मिळते आणि मूळ उर्दू मिळत नाही. भाषांतरकाराची ती चाळणी संगणकाने आणखी बारीक केली. म्हणजे ऑनलाइनच्या नावाखाली आपण पुन्हा साहेबाच्याच टेबलावर जाऊन बसलो.

दुसरे, टिकण्याचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर संगणकीय हल्ला झाला आणि जगातल्या एका मोठ्या ग्रंथालयाची सूचीसुद्धा कित्येक आठवडे बंद पडली. तिथे ही गत, तर आपल्या विद्यापीठाचा संगणक कोणत्या झाडाचा पाला! पॉलिएस्टरच्या पट्टीवरची चांदीयुक्त फिल्म नीट थंड, कोरड्या जागी ठेवली तर पाचशे वर्षे टिकेल असा मानकांचा हिशेब आहे. वाचायला वीज नसली तरी भिंग आणि सूर्यप्रकाश पुरतो. पासवर्ड लागत नाही, वर्गणी लागत नाही, कंपनी बुडाली म्हणून फिल्म बुडत नाही.

फिल्म फरिश्ता आहे असे आमचे म्हणणे नाही. जुन्या ॲसिटेट फिल्मला दमट हवेत शिरक्याचा वास सुटतो आणि ती आक्रसते. आपल्या पावसाळ्यात तर बुरशीची मेजवानी. फिल्म घेताना पाने सुटतात, रंग जातो. निकल्सन बेकर या अमेरिकी लेखकाने २००१ मध्ये ‘डबल फोल्ड’ हे पुस्तक लिहून फिल्म झाली म्हणून मूळ अंक फेकून देणाऱ्या ग्रंथालयांना धारेवर धरले, ते योग्यच होते. पण जिथे मूळ अंक वाळवीने खाल्ले आहेत, तिथे फिल्म हेच मूळ आहे. ती टाकणे म्हणजे दुसऱ्यांदा आणि शेवटचे टाकणे.

बोस्नियाच्या मुसलमानांना हे विचारा. १७ मे १९९२ रोजी साराजेव्होची ओरिएंटल इन्स्टिट्यूट तोफांनी जाळली गेली. अरबी, फारसी, तुर्की अशी पाच हजारांहून अधिक हस्तलिखिते राख झाली. त्यानंतर काही अभ्यासकांनी जगभर पत्रे पाठवली: तुमच्यापैकी कोणी साराजेव्होत काम करताना एखाद्या हस्तलिखिताची फिल्म किंवा छायाप्रत नेली होती का? असेल तर परत द्या. कोणाच्या खणातून, कोणाच्या पेटीतून काही पाने परतली. जळालेल्या ग्रंथालयाचा तेवढा तरी अंश वाचला. आपल्या पुण्यातही ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला होता. प्रत एकाच जागी ठेवणे म्हणजे तिचे भवितव्य जमावाच्या मर्जीवर सोडणे.

दोन लिप्यांचा माणूस

आता आपल्या घराकडे वळू. दरवर्षी १७ सप्टेंबर आला की मराठवाड्यात एकच वाद उकळतो. एका बाजूचे लोक प्रत्येक मुसलमानाला रझाकार ठरवतात. दुसऱ्या बाजूचे लोक रझाकारांचा उल्लेखच टाळतात आणि फक्त पोलीस कारवाईनंतरच्या कत्तलींबद्दल बोलतात. त्या कत्तली झाल्या. पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज देतो आणि उस्मानाबाद, नांदेड ही नावे त्यात ठळक आहेत. तो अहवाल दशकानुदशके दाबून ठेवला गेला. २०१३ मध्ये ए. जी. नूराणींच्या पुस्तकातून तो विस्ताराने वाचकांपुढे आला. पण त्याच समितीत काझी अब्दुल गफ्फार होते, हैदराबादच्या ‘पयाम’ या उर्दू दैनिकाचे संपादक. आणि ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांच्या विरोधात लिहिले म्हणून ज्याचा खून झाला तो शोएबुल्ला खान ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा तरुण संपादक होता. उर्दूत लिहिणारा मुसलमान रझाकारांविरुद्ध लिहून मेला, हे एका बाजूला नको आहे. आणि रझाकारांच्या जुलमाविरुद्ध लिहावे लागत होते, हे दुसऱ्या बाजूला नको आहे. म्हणूनच त्या महिन्यांची उर्दू दैनिके कोणी उघडत नाही. यंत्र बंद असणे दोघांनाही सोयीचे आहे.

असेच संयुक्त महाराष्ट्राचे. अमर शेखांचा डफ सगळ्यांना आठवतो. पण १९५६ ते १९६० या चार वर्षांत मुंबईची उर्दू दैनिके, १९३८ मध्ये सुरू झालेले ‘इन्किलाब’ धरून, या आंदोलनाबद्दल रोज काय छापत होती, हे मराठी वाचकाला कोणी सांगितले? त्यातून कदाचित अभिमानाची पाने निघतील, कदाचित अडचणीची. जो समाज फक्त अभिमानाची पाने मागतो त्याला इतिहास नको असतो, मानपत्र हवे असते.

आपल्यातल्या उर्दूवाल्यांना मराठी ही बाजाराची आणि कचेरीची भाषा वाटते. आपल्यातल्या मराठीवाल्यांना उर्दूचे नाव घेतले की आपली मराठी अस्मिता बाटेल अशी भीती वाटते. हा वाद आपण इतकी वर्षे चवीने घोळवला. त्यात एक साधी गोष्ट विसरली गेली. महाराष्ट्रातल्या मुसलमानाचा इतिहास दोन्ही लिप्यांत पडलेला आहे आणि दोन्ही वाचणारा माणूस विद्यापीठाच्या इतिहास विभागात दिव्याने शोधावा लागतो, पण आपल्या उर्दू शाळांच्या शिक्षकखोलीत तो रोज चहा पितो. सकाळी नस्तालीक, दुपारी देवनागरी, ही त्याची रोजची मजुरी आहे. त्याला जनगणना आणि निवडणुकीच्या कामाला जुंपायचे सर्वांना सुचते. रीळ वाचायला बसवायचे कोणालाच सुचत नाही.

मागणी काय आहे?

आमची मागणी चंद्र-ताऱ्यांची नाही. विद्यापीठांनी यंत्रे चालू करावीत. दिवा आणि काच यांसाठी वेगळी, न अडणारी तरतूद ठेवावी. रिळांची यादी, कोणत्या पत्राचे कोणते वर्ष, भिंतीवर लावावी. शाळेच्या शिक्षकाला त्याच्या ओळखपत्रावर प्रवेश द्यावा, पीएच.डी. हा इतिहास वाचायचा परवाना नव्हे. फिल्म संगणकावर उतरवणारे स्कॅनर घ्यावेत, पण रीळ फेकू नये.

आपल्या संस्थांना आमचा सवाल अधिक तिखट आहे. महाराष्ट्रात शंभर वर्षे ओलांडलेल्या शिक्षणसंस्था आपल्याकडे आहेत. मुंबईची अंजुमन-ए-इस्लाम तर १८७४ ची. वक्फ आहेत, ट्रस्ट आहेत, गावोगाव जमाती आहेत. कमानी आणि शादीखान्यांना पैसा निघतो. एक चालू यंत्र, एक कोरडी खोली आणि शिकागोहून, दिल्लीहून मागवलेल्या प्रती, एवढ्याला तो का निघू नये? कुरआनच्या पहिल्या अवतरणातली पहिली आज्ञा वाचण्याची आहे, हे आपण प्रत्येक जलशात सांगतो. वाचायचे काय, हेही एकदा सांगा.

आणि आमच्या शिक्षकबांधवांना, भगिनींना: बी.एड.ला आपण इतिहासाच्या अध्यापनपद्धतीत ‘प्राथमिक साधने’ हा मुद्दा पाठ करून गुण मिळवले. आता ते साधन हातात घ्या. उन्हाळी सुट्टीतले चार दिवस काढा. आपल्या गावाचे, आपल्या मोहल्ल्याचे एक वर्ष निवडा. तारीख, पान, स्तंभ लिहून बातमी उतरवा. उर्दूतली मराठीत आणा. ‘मशीन बंद आहे’ म्हणाले तर ‘कधी चालू होईल ते लेखी द्या’ म्हणा आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. संमेलनाने पुढच्या वेळी एक परिसंवाद कमी करून त्या जागी असे दहा शिक्षक, त्यांनी उतरवलेल्या दहा बातम्यांसह, उभे करावेत. त्यात फातिमासारखे एखादे नाव निघाले तर ते सनदेसह निघेल आणि कोणा पत्रकाराच्या एका ओळीने डळमळणार नाही.

ज्या समाजाने ‘कोणी सांगितले’ हा प्रश्न जगाला शिकवला, त्याने आता तो स्वतःच्या वक्त्यांना विचारायला सुरुवात करावी. यापुढे व्यासपीठावरून कोणी ‘आमचा इतिहास पुसला गेला’ म्हणाला, तर टाळी वाजवू नका. उठून एवढेच विचारा: जनाब, कोणते रीळ, कोणती तारीख, कोणते पान?